कन्सोल कंपनीशी नाते कसे जोडावे: छोट्या गेम स्टुडिओसाठी मार्गदर्शन

पुण्या-मुंबईतले बरेच छोटे स्टुडिओ आज पीसी आणि मोबाइलसाठी गेम तयार करतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम आणायचा तर ठरावीक शुल्क भरून खाते उघडता येते आणि गुगल प्लेवरही साधारण तीच पद्धत आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच या कन्सोलांचे तसे नाही. तिथे आधी कंपनीची मान्यता, मग तिच्याकडून मिळणारे तांत्रिक साहित्य, त्यानंतर तिची तपासणी आणि सर्वांत शेवटी विक्री असा क्रम असतो. या प्रत्येक टप्प्यावर कंपनीतील माणसांशी संबंध येतो, आणि एकदा जुळलेला संबंध पुढच्या दोन-तीन गेमपर्यंत सहज टिकतो. म्हणून या व्यवहाराकडे परवाना काढण्याचे काम म्हणून पाहू नये. आपल्याला अडवणाऱ्या प्रत्येक नियमामागे कंपनीची कोणती गरज किंवा कोणती भीती आहे, हे ज्याने ओळखले त्याचे बोलणे कंपनीत ऐकले जाते.

आधी नियमांचे मूळ समजून घ्यावे

१९७९ साली अटारी कंपनीतले चार प्रोग्रॅमर बाहेर पडले. त्यांनी तयार केलेले गेम भरपूर खपत होते, पण पुठ्ठ्याच्या खोक्यावर त्यांचे नाव नसे आणि विक्रीतला वाटाही त्यांना मिळत नसे. जिम लेव्ही यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्याच कन्सोलसाठी गेम विकायला सुरुवात केली. कन्सोल एकाचे आणि गेम दुसऱ्याचा, ही व्यवस्था इथून सुरू झाली. अटारीने खटला भरला, तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला आणि बाहेरच्यांना वाट मोकळी झाली. कोणी कोणते कार्ट्रिज (गेम साठवलेली, कन्सोलमध्ये बसवायची डबी) काढावे यावर अटारीचे कसलेही तांत्रिक नियंत्रण नव्हते, त्यामुळे बाजारात निकृष्ट गेमचा सुकाळ झाला, दुकानदारांकडे माल पडून राहिला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. त्यामागे इतरही कारणे होती, तरी कन्सोल कंपन्यांच्या मनात घर करून राहिली ती हीच भीती.

निन्टेन्डोने या भीतीवर कडक उपाय योजला. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉमसाठी पुढच्याच वर्षी हडसन आणि नामको या बाहेरच्या कंपन्या गेम काढू लागल्या. १९८५ मध्ये अमेरिकेत जे कन्सोल आले त्यात मात्र टेन-एनईएस नावाची कुलूपवजा चिप बसवलेली होती. परवानाधारकाने वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, आणि तोच गेम दोन वर्षे दुसऱ्या कन्सोलवर न्यायचा नाही, अशा अटी होत्या. माल खपला नाही तर तोटा परवानाधारकाचा. कोनामीने पाचची मर्यादा ओलांडता यावी म्हणून अल्ट्रा गेम्स या दुसऱ्या नावाने गेम काढले, तर टेन्जेनने कुलुपाचीच नक्कल केली आणि १९९२ साली न्यायालयाचा निकाल तिच्या विरोधात गेला. आज गेम प्रसिद्ध होण्यापूर्वी जी तपासणी होते, तिचे मूळ या काळात आहे. तपासनिसाने तुमचा गेम परत पाठवला तर त्यात वैयक्तिक आकस शोधू नये. ग्राहकाने घेतलेली वस्तू बिघडली तर तो कन्सोलला नावे ठेवतो, हे कंपनीला पक्के ठाऊक असते.

सोनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन आणले तेव्हा तिच्याकडे स्वतःचे गाजलेले गेम जवळजवळ नव्हतेच. बाहेरच्यांना जिंकल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हते, म्हणून तिने त्यांची जोखीम कमी केली. कार्ट्रिजच्या तुलनेत सीडी फारच स्वस्त पडे आणि मागणी वाढली की थोड्या दिवसांत पुन्हा छापून घेता येई, त्यामुळे आगाऊ मोठा साठा करून ठेवण्याची वेळ येत नसे. शिवाय सी भाषेत वापरता येतील अशा तयार लायब्ररी सोनीने पुरवल्या. वर्षानुवर्षे निन्टेन्डोसोबत असलेल्या स्क्वेअरने फायनल फँटसीचा सातवा भाग १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर काढला, त्यामागे सीडीची साठवणक्षमता आणि हे अर्थकारण दोन्ही होते.

पुढे हाच धडा सोनी विसरली आणि मग पुन्हा शिकली. प्लेस्टेशन ४ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी २०१३ साली एका व्याख्यानात एक मोजमाप मांडले होते, ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत बोलके वाटते. नवे कन्सोल हाती आल्यापासून पडद्यावर चित्र काढणारी पायाभूत यंत्रणा उभी राहीपर्यंत स्टुडिओला किती काळ लागतो, याला ते पहिला त्रिकोण उमटण्याचा काळ म्हणतात. पहिल्या प्लेस्टेशनला एक ते दोन महिने, दुसऱ्याला तीन ते सहा महिने आणि सेल प्रोसेसर असलेल्या तिसऱ्याला तब्बल सहा ते बारा महिने लागत. चौथ्याची आखणी करताना सर्नी यांनी निरनिराळ्या स्टुडिओंना गाठून त्यांना काय हवे ते विचारले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांसाठी एकच सामाईक मेमरी असावी, ही मागणी सर्वांत ठळकपणे पुढे आली. कन्सोलमध्ये ८ जीबीची तशी मेमरी बसली आणि तो काळ पुन्हा एक ते दोन महिन्यांवर आला. सहा-सात जणांच्या चमूला वर्षभराचा पगार भागवणे किती अवघड असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण तक्रारीविषयी आहे. एक्सबॉक्स ३६० च्या काळात छोट्या स्टुडिओला पब्लिशरशिवाय, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीशिवाय, ऑनलाइन दुकानाच्या आर्केड विभागात प्रवेश मिळणे दुरापास्त होते आणि दुरुस्तीचा पॅच पुन्हा तपासून घेण्याचे मोठे शुल्क पडे. २०१२ मध्ये फेझ या गेमच्या पॅचमुळे काही खेळाडूंची साठवलेली प्रगती खराब होऊ लागली, तेव्हा पॉलिट्रॉन या स्टुडिओने नवा पॅच तपासून घेण्याचा खर्च परवडत नसल्याचे जाहीर केले आणि तोच सदोष पॅच पुन्हा उपलब्ध केला. त्यावर मोठी चर्चा झाली. २०१३ मध्ये ते शुल्क रद्द झाल्याचे समोर आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने आयडी अ‍ॅट एक्सबॉक्स ही योजना जाहीर केली, ज्यात स्वतः पब्लिशर होण्याची मुभा आणि दोन डेव्हकिट (चाचणीसाठीची विशेष कन्सोल) विनामूल्य अशी तरतूद होती. अडचण नेमकी आणि खर्चाच्या भाषेत मांडली तर एवढ्या मोठ्या कंपनीचेही धोरण बदलू शकते.

अर्जाची तयारी

तिन्ही कंपन्यांची भागीदारांसाठी स्वतंत्र पोर्टल आहेत आणि नोंदणी तिथूनच होते. अर्ज व्यक्तीच्या नावाने करण्यापेक्षा नोंदणीकृत कंपनीच्या किंवा एलएलपीच्या नावाने करावा, कारण पुढचा करार, बँक खाते आणि करविषयक कागदपत्रे यांत नाव अक्षरशः जुळावे लागते. स्टुडिओचे संकेतस्थळ असावे आणि पत्रव्यवहाराचा ईमेल त्याच डोमेनचा असावा. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण अर्ज वाचणाऱ्याला त्यावरून पहिला अंदाज येतो.

त्याहून महत्त्वाचा असतो तो गेमचा परिचय. एका पानात गेम कोणत्या प्रकारचा आहे, खेळाडू प्रत्यक्ष काय करतो, चमूत कोण कोण आहे, काम कुठवर आले आहे, पैशाची तजवीज काय आहे आणि गेम कधी पूर्ण होईल, एवढे यावे. कथेचा सविस्तर सारांश नंतर देता येतो. त्यासोबत दोन-तीन मिनिटांचा प्रत्यक्ष खेळाचा व्हिडिओ आणि पीसीवर चालणारा एक बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी आवृत्ती, द्यावा. हा बिल्ड दहा-पंधरा मिनिटांचा असला तरी चालेल, मात्र तो मध्येच बंद पडता कामा नये. अपूर्ण असलेले पाच टप्पे दाखवण्यापेक्षा नीट घासूनपुसून तयार केलेला एक टप्पा दाखवणे केव्हाही चांगले, कारण समोरच्या व्यक्तीला तुमच्या कल्पनेपेक्षा तुमचा गेम पूर्णत्वाला नेण्याचा वकूब तपासायचा असतो.

एका वेळी एकच कन्सोल निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिन्हीकडे एकदम अर्ज केला तर तीन प्रकारची कागदपत्रे, तीन प्रकारची तपासणी आणि तीन ठिकाणचे प्रश्न एकाच महिन्यात अंगावर येतात आणि छोटा चमू गेम बाजूला ठेवून त्यातच अडकतो.

माणसांपर्यंत पोहोचावे

पोर्टलवरचा अर्ज आवश्यक आहे, पण त्याच्या जोडीला प्रत्यक्ष भेट झाली तर काम पुढे सरकते. भारतात दरवर्षी भरणारी आयजीडीसी ही गेम निर्मात्यांची परिषद आपल्यासाठी सर्वांत जवळची आहे. सॅन फ्रान्सिस्कोची जीडीसी आणि जर्मनीतल्या कोलोन शहरातले गेम्सकॉम ही ठिकाणे मोठी असली तरी प्रवास, व्हिसा आणि राहण्याचा खर्च धरता पहिल्या गेमसाठी ती प्रत्येकाला परवडतीलच असे नाही. भेटीची वेळ आधी ईमेलने ठरवावी, बोलणे वीस मिनिटांत आटोपावे आणि दोन दिवसांच्या आत बिल्डच्या दुव्यासह आभाराचे पत्र पाठवावे. कंपनीच्या बाजूने तुमचा संपर्क सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे एकाच वेळी कितीतरी स्टुडिओ असतात. दर महिन्याला चार ओळींत प्रगती कळवणारा स्टुडिओ त्याच्या लक्षात राहतो आणि वर्षभर गप्प राहून प्रकाशनाच्या आठवड्यात प्रसिद्धीसाठी मदत मागणारा स्टुडिओ मागे पडतो.

काही वेळा कंपनी आपण होऊन दार उघडते. सोनीने चीनमधल्या आपल्या उपक्रमाच्या धर्तीवर २०२३ साली इंडिया हीरो प्रोजेक्ट जाहीर केला, ज्यात निवड झालेल्या स्टुडिओंना आर्थिक साहाय्य आणि मार्गदर्शन मिळते. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा मुक्ती हा गेम त्यातला आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा प्रवास मात्र प्रत्येक मराठी स्टुडिओने बारकाईने पाहावा. त्यांच्या राजी या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी ठरला नाही. तरीही चमूने काम चालू ठेवले, पब्लिशर मिळवला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम कन्सोलांपैकी सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. त्याच दिवशी निन्टेन्डोच्या इंडी वर्ल्ड या कार्यक्रमात तो जगासमोर ठेवला गेला. बाकीच्या कन्सोलांवर आणि पीसीवर तो १५ ऑक्टोबरला पोहोचला. वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. सुमारे दोन महिन्यांपुरती एकाच कन्सोलशी बांधिलकी ठेवायची आणि त्या कंपनीच्या कार्यक्रमात प्रेक्षक मिळवायचे, असा हा व्यवहार होता. जाहिरातीवर लाखो रुपये खर्च करू न शकणाऱ्या स्टुडिओला तो फायद्याचा ठरू शकतो, कारण कंपनीच्या व्यासपीठावरची ती काही मिनिटे कोणत्याही पैशाने सहज विकत मिळत नाहीत.

मान्यता मिळाल्यानंतर

पहिला कागद गोपनीयतेच्या कराराचा असतो. त्यावर सही झाल्यापासून कन्सोलचे तांत्रिक दस्तऐवज, डेव्हकिटची छायाचित्रे आणि पोर्टलमधला मजकूर बाहेर कोणालाही दाखवता येत नाही. चमूतल्या प्रत्येकाला, विशेषतः नव्याने आलेल्या शिकाऊ उमेदवारांना, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. उत्साहाच्या भरात समाजमाध्यमावर टाकलेल्या एका छायाचित्रामुळे अनेक महिन्यांचा विश्वास उडू शकतो.

डेव्हकिट म्हणजे चाचणीसाठी वापरायचे विशेष कन्सोल. ते पूर्वी फार महाग असे. प्लेस्टेशन ३ च्या किटची किंमत २००७ च्या अखेरीस निम्मी झाली तरी ती दहा हजार डॉलरच्या वर होती. आता परिस्थिती पुष्कळ सुसह्य आहे. एक्सबॉक्समध्ये तर दुकानातून घेतलेले साधे यंत्रही डेव्हलपर मोडमध्ये टाकून प्राथमिक प्रयोग करता येतात, आणि मान्यतेची वाट पाहत असताना हा मार्ग जरूर वापरावा. प्रत्यक्ष किट आले की त्याचा अनुक्रमांक नोंदवून ते कुलपाच्या खोलीत ठेवावे. ते कंपनीच्या अटींवर मिळते, त्यामुळे विकता किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्काची कागदपत्रे आधी तयार ठेवावीत, नाहीतर किट विमानतळावरच अडकते.

इंजिनाचा, म्हणजे गेम ज्यावर बनतो त्या तयार सॉफ्टवेअरचा, विचारही याच टप्प्यावर पक्का व्हायला हवा. युनिटी आणि अनरियल यांचे कन्सोलसाठीचे भाग कंपनीची मान्यता दाखवल्यावरच उपलब्ध होतात. गोडो हे मुक्तस्रोत असल्याने कन्सोलचा गोपनीय कोड त्यात उघडपणे ठेवता येत नाही, म्हणून त्यावर बनवलेला गेम कन्सोलवर न्यायला सहसा वेगळ्या कंपनीची सेवा घ्यावी लागते आणि तो खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा लागतो.

तपासणी

निन्टेन्डो तिला लॉटचेक म्हणते, सोनीच्या नियमावलीला टीआरसी आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमावलीला एक्सआर म्हणतात. गेम मनोरंजक आहे की नाही, हे इथे पाहिले जात नाही. तो कन्सोलशी नीट वागतो की नाही, हे पाहिले जाते. बहुतेक स्टुडिओ इथेच पहिल्यांदा अडखळतात, कारण पीसीवर ज्या प्रसंगांचा कधी विचार केलेला नसतो ते इथे मुद्दाम घडवून आणले जातात.

समजा खेळाडू शेवटच्या शत्रूशी लढतो आहे आणि ऐन वेळी त्याच्या कंट्रोलरची बॅटरी संपली. गेम त्या क्षणी थांबला पाहिजे, कंट्रोलर पुन्हा जोडण्याची सूचना पडद्यावर आली पाहिजे, आणि तो जोडल्यावर खेळ जिथे थांबला होता तिथूनच, त्याच खेळाडूच्या ताब्यात, सुरू झाला पाहिजे. आता हाच प्रसंग सुरुवातीचे चलच्चित्र चालू असताना, टप्पा लोड होत असताना आणि प्रगती साठवली जात असताना घडला तर काय होईल, ते एकेक करून तपासावे. साठवण चालू असताना यंत्र झोपी गेले तर फाइल शाबूत राहते का? साठवायला जागाच उरली नसेल तर खेळाडूला कळते का? खेळता खेळता खाते बदलले तर आधीच्या माणसाची प्रगती नव्याच्या नावावर जात नाही ना? या प्रश्नांची उत्तरे गेमच्या मुळाशी असलेल्या रचनेत दडलेली असतात, शेवटच्या आठवड्यात ती वरून चिकटवता येत नाहीत.

बटणांची नावे आणि चिन्हे हा तर हमखास चुकीचा मुद्दा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ए हे अक्षर खालच्या बटणावर असते, तर निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ते उजवीकडे असते. एका कन्सोलवरचा पडदा जसाच्या तसा दुसऱ्यावर नेला तर खेळाडू होकार द्यायला जातो आणि माघारी येतो. जपानमधल्या प्लेस्टेशनवर वर्षानुवर्षे वर्तुळाचे बटण होकारासाठी होते आणि प्लेस्टेशन ५ पासून तिथेही फुलीचे बटण आले. म्हणून बटणाचे नाव किंवा चिन्ह मजकुरात थेट लिहून न ठेवता प्रत्येक कन्सोलसाठी वेगळ्या तक्त्यातून उचलले जाईल, अशी सोय पहिल्या दिवसापासून करावी.

नियमावली हाती येताच तिची यादी करून प्रत्येक कलमापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तपासल्याची तारीख लिहावी. पहिल्याच फेरीत गेम उत्तीर्ण होईल असे गृहीत धरून प्रकाशनाची तारीख जाहीर करू नये, निदान दोन फेऱ्यांचा वेळ हाताशी ठेवावा. एखादे कलम पाळणे खरोखरच अशक्य असेल तर ते लपवू नये, कारण आणि पर्याय लिहून सवलत मागावी. आधी सांगितलेली त्रुटी आणि तपासनिसाला सापडलेली त्रुटी यांत कंपनी मोठा फरक करते. वयोगटाचे प्रमाणपत्रही याच सुमारास घ्यावे. डिजिटल विक्रीसाठी आयएआरसी या आंतरराष्ट्रीय वर्गवारी संस्थेची एकच प्रश्नावली भरून अनेक देशांची वर्गवारी मिळते.

पैसा आणि करार

कन्सोलच्या डिजिटल दुकानात कंपनीचा वाटा सर्वसाधारणपणे ३० टक्के असतो. कर बाजूला ठेवून हजार रुपयांच्या गेममागे सातशे रुपये उरतात असे धरले, तर पब्लिशर आधी त्यातून स्वतःचा खर्च वसूल करतो आणि मगच उरलेल्याची वाटणी सुरू होते. त्यामुळे पब्लिशरशी करार करताना टक्केवारीपेक्षाही कोणता खर्च वसुलीत धरला जाईल, हे कलम आधी वाचावे. पोर्टिंग (गेम दुसऱ्या यंत्रावर नेणे), भाषांतर आणि चाचणी ही कामे पब्लिशर करणार असेल तर त्याचा वाटा रास्त ठरू शकतो. नुसते कंपनीशी ओळख करून देणार असेल तर स्वतः अर्ज करणे बरे.

एका कन्सोलपुरते प्रकाशन किंवा गेम पास, प्लेस्टेशन प्लस यांसारख्या वर्गणीच्या योजनेत गेम देणे, यासाठी कंपनी ठोक रक्कम देऊ करते तेव्हा मुदत, प्रदेश आणि रकमेचे टप्पे लेखी असावेत. मुदत प्रकाशनापासून मोजायची की सहीपासून, यावर वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब बदलतो. अमेरिकन कंपनीकडून रॉयल्टी येणार असेल तर डब्ल्यू-८बीईएन-ई हा अमेरिकेचा करविषयक अर्ज भरावा, म्हणजे भारत-अमेरिका कर करारातल्या कमी दराचा लाभ मागता येतो. हे काम परदेशी व्यवहार हाताळणाऱ्या सनदी लेखापालाकडूनच करून घ्यावे.

प्रकाशनानंतर

पहिल्या आठवड्यात चमूतला निदान एक प्रोग्रॅमर केवळ तक्रारींसाठी मोकळा ठेवावा. पॅचलाही तपासणी लागते, म्हणून छोट्या दुरुस्त्या एकत्र करून पाठवाव्यात, पण प्रगती पुसली जाण्यासारखा दोष आढळला तर थांबू नये आणि संपर्क अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे. विक्रीच्या सवलतींचे वेळापत्रक कंपनी बरेच आधी ठरवते, त्यामुळे दिवाळी किंवा नाताळच्या सवलतीत सहभागी व्हायचे तर तशी विचारणा काही महिने आधी करावी.

पुढच्या गेमची कल्पना साधारण आकाराला आली, की पूर्ण बिल्डची वाट न पाहता तिचे एक पान त्याच अधिकाऱ्याला पाठवावे. पहिल्या गेमच्या वेळी कन्सोलवर कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांत चमूचे किती आठवडे गेले, याची यादीही सोबत जोडावी. सर्नी यांच्यासारखे लोक पुढचे यंत्र आखायला बसतात तेव्हा त्यांना अशाच याद्या हव्या असतात.